नव्याच्या आधी पिकलेलं भात

जामसरच्या सुकऱ्या भोयेची मुलगी कमू मोठी शास्त्रज्ञ झाली, हे जव्हारच्या बाजारात कुणाला सांगावं लागत नाही. पण ती नक्की कशाची शास्त्रज्ञ झाली, हे विचारून बघा. कुणी म्हणेल खताची, कुणी म्हणेल औषधाची. डेपोसमोरचा चहावाला तर छातीठोकपणे सांगायचा की बाई कलेक्टरच्याही वरच्या आहेत. हे कानावर आलं की कमू हसायची आणि म्हणायची, "मी भाताच्या सोयरिकी जुळवते." आणि बोलण्यात खोटं काही नव्हतं. एका जातीच्या फुलातले परागकण दुसरीच्या फुलावर टाकायचे, त्यातून जी संतती निघेल ती पिढ्यान्‌पिढ्या पेरायची, पारखायची, आणि हवं तेवढंच निवडत जायचं. याला वनस्पतींची आनुवंशिकी म्हणतात. नाव अवघड, काम त्याहून अवघड, आणि त्यातही वाट बघणं सगळ्यात अवघड.

कमूला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. भादव्यात ताटात भात. हसण्यासारखं काही नाही त्यात. डोंगरातल्या माणसाचं भात पिकतं दसरा-दिवाळीला, आणि गेल्या सालचं सरतं आषाढात. मधले दिवस पोटाला कळतात. त्या दिवसांत कमूची आई चैती रानातून कडुकंद खणून आणायची, चकत्या करून वाहत्या ओढ्यात ठेवायची, मग उकडायची. कडूपणा नीट निघाला नाही तर घसा धरतो. असाच घसा धरलेला असताना लहानग्या कमूनं बापाला विचारलं होतं, भात लवकर का पिकत नाही? सुकऱ्या म्हणाला, "भाताला भाताचा येळ लागतो, बाय." पोरीला ते उत्तर काही पटलं नाही. पुढं एम.एस्सी. झाली तरी पटलं नव्हतं.

आश्रमशाळेत शिकली, मग जव्हारला सायन्स केलं, मग दापोलीला कृषी महाविद्यालयात गेली. तिथं पहिलं वर्ष ती जवळजवळ मुकीच होती, कारण तोंड उघडलं की "हाय" आणि "नाय" बाहेर पडायचं आणि मागच्या बाकावर खसखस पिकायची. मग एका तासाला हरिभाऊ सरांनी हळवं भात आणि गरवं भात यातला फरक सांगितला. हळवं म्हणजे लवकर पिकणारं, गरवं म्हणजे उशिरा. माळावरचं हळवं भात बारीक दाण्याचं, कमी देणारं, वारा आला की आडवं होणारं. खाचरातलं गरवं टपोरं, ताठ, भरघोस. कमूनं हात वर केला आणि सगळ्या वर्गादेखत विचारलं, "सर, या दोघांचं लग्न नाय का लावता येत?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी तिला बोलावून घेतलं, आणि तिची पुढची वाट तिथंच ठरली.

हरिभाऊ सर म्हणजे छत्री काखेत मारून चिखलात फिरणारा किडकिडीत माणूस. कौतुक फारसं करायचे नाहीत, पण हाताखालच्या मुलांना वाऱ्यावर सोडायचे नाहीत. त्यांनी कमूच्या हातात चिमटा दिला. भाताचं फूल एवढंसं. ते सकाळी उमलायच्या आत टोकाला कातरायचं, आतले पुंकेसर एकेक करून उचलायचे, आणि मग दुसऱ्या जातीचे परागकण वर झटकून कागदाची पिशवी बांधायची. पहिल्या हंगामात कमूच्या हातून फुलंच फुटली. पुढच्या हंगामात मोजके दाणे धरले. ते पेरले, त्यांची संतती काढली, आणि ओंजळभर बी तिच्या हाती आलं. या बियातल्या प्रत्येक दाण्यात आई-बापाचे गुण वेगळे मिसळलेले असणार होते. त्यातलं एखादं तरी रोप असं निघेल की जे माळावरच्या भातासारखं लवकर पिकेल आणि खाचरातल्यासारखं भरेल, एवढीच तिची आशा.

आता इथं कमू बाईसाहेबांनी हट्ट केला. म्हणाल्या, हे बी दापोलीच्या गुबगुबीत मातीत पेरून काय कळणार? ज्या मुरमाड माळासाठी हे चाललंय तिथंच पेरायला हवं. सर म्हणाले, "जामसरला पेर, माझी हरकत नाही. पण निम्मं बी इथं ठेव." कमूनं मान डोलावली आणि सगळं बी घेऊन गेली. जितकी जास्त रोपं, तितकी सापडायची शक्यता जास्त, असा तिचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता, पण सरांना फसवलं होतं, आणि ते तिला लागत होतं.

त्र्याण्णव सालची गोष्ट. सुकऱ्यानं मुलीसाठी माळावरचा चांगला तुकडा दिला. लावणीला कमू स्वतः होती. परत जाताना तिनं बापाला बजावलं, "बाबा, जी रोपं सगळ्यात आधी पिकतील ना, तीच महत्त्वाची. त्यांच्यावर डोळा ठेवा. बाकीच्यांचं काय व्हायचं ते होऊ दे." सुकऱ्या म्हणाला, "ठेवतो." आणि त्यानं खरंच ठेवला. पाखरं हाकलली, डुकरं हाकलली, माळावर मांडव घालून तिथंच बसून राहिला. असा राखणदार कुठल्या विद्यापीठाला मिळायचा नाही.

भादवा सरता सरता कमूला जायचं होतं. पण पाऊस लागला, घाटात दरड आली, गाड्या बंद झाल्या. ती जामसरला पोचली तेव्हा अंगण सारवलेलं होतं आणि घरात गोडधोडाचा वास होता. बाप कधी नाही इतका खुशीत. चैतीनं पोरीचे पाय धुतले, पळसाच्या पानावर नव्या तांदळाची खीर वाढली. कमू भुकेली होती. दोन घास पोटात गेले, आणि तिचा हात थांबला.

"आय, हा तांदूळ कुठला?"

चैतीऐवजी सुकऱ्याच बोलला. त्याला ते सांगायचंच होतं. "तुझाच. परवा नवं झालं. यंदा सगळ्या पाड्यात पयल्या लोंब्या आपल्या माळावर. आधी पिकलेल्या तेवढ्या येचून कापल्या आणि कणसरीला दिल्या. तुझं नाव घेऊन दिल्या, बाय. तुझं शिक्षण पार पडू दे म्हटलं."

कणसरी म्हणजे धान्याची देवी. नवं पीक आलं की पहिल्या लोंब्या तिच्या, मग त्याच तांदळाचा घास सगळ्या पाड्याच्या तोंडात, आणि मगच बाकीच्या शेताला विळा. याला नवं म्हणतात. नवं होईपर्यंत नव्या भाताचा दाणा कुणी तोंडाला लावत नाही. हे त्या पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. कमूला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. ती त्याच पाड्यात वाढली होती. पण दापोलीत बसून तिनं रोपं, पिशव्या, पाऊस, उंदीर सगळ्याचा विचार केला आणि नेमकी हीच गोष्ट तिच्या डोक्यात आली नाही. सगळ्यात आधी पिकेल ते सगळ्यात महत्त्वाचं, असं तिनं बापाला सांगितलं. बापानं सगळ्यात महत्त्वाचं जिथं द्यायचं असतं तिथं दिलं. त्याचं काय चुकलं?

हे सगळं आज शहाणपणानं सांगता येतं. त्या दिवशी कमू संतापली. ती पानावरून उठली. नव्याच्या पानावरून कुणी उठत नाही. "तुमच्या देवीनं माझं सगळं खाल्लं," ती म्हणाली, आणि शेताकडे चालती झाली. मागं सुकऱ्या हातातलं पान घेऊन तसाच बसून राहिला.

माळावर उशिरा पिकणारी रोपं उभी होती, आणि त्यांच्यामध्ये कापलेले खुंट. कमू त्या खुंटांजवळ बसून पोटभर रडली. मग दापोलीला गेली आणि सरांना सगळं खरं सांगितलं, निम्मं बी ठेवलं नव्हतं हेसुद्धा. सरांनी तिला चांगली झापली. झापून झाल्यावर मात्र छत्रीच्या टोकानं मातीत रेघोट्या ओढत म्हणाले, "आमच्या घरात माझ्या आजीचे डोळे घारे. वडिलांचे काळे, माझे काळे. माझ्या मुलीचे पुन्हा घारे. ते डोळे मधल्या काळात कुठं होते?" मग स्वतःच म्हणाले, "तुझ्या या वाणात हळवेपणा तसाच लपून बसतो. उशिरा पिकलेल्या रोपांतसुद्धा तो असणार. दिसत नाही, एवढंच. जा, उरलेलं सगळं कापून आण. एकेका रोपाचं बी वेगळं ठेव."

ती पुन्हा जामसरला गेली, उरलेलं सगळं कापून घेऊन आली. त्या वेळी बाप-लेकीत जेवायला ये, पाणी दे, याच्यापलीकडे शब्द झाला नाही. तिला माफी मागायची होती. तोंडातून फुटेना. माणूस शिकलं म्हणून काही हे सोपं होत नाही.

पुढची वर्षं मात्र तिनं कामाला जुंपून घेतलं. उशिरा पिकणाऱ्या रोपांच्या पोटी खरंच हळवी रोपं निघायला लागली, पण जी हळवी ती आडवी व्हायची, आणि जी ताठ ती उशिरा यायची. एक हातात आलं की दुसरं निसटायचं. डॉक्टरेट मिळाली तरी मनासारखं भात मिळेना. मग ती हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत जैवतंत्रज्ञान शिकायला गेली. तिथं रोप बोटभर असतानाच त्याच्या पानाचा तुकडा घेऊन कुटायचा, त्यातला डीएनए काढायचा, आणि विशिष्ट दिव्याखाली त्याचे पट्टे बघायचे. हळवेपणाच्या जनुकाजवळची खूण त्या पट्ट्यांत दिसली की कळायचं, हे रोप लवकर पिकणार. हंगामभर वाट बघायला नको. कमूनं पहिल्यांदा ती खूण पाहिली तेव्हा तिला आनंद झाला, आणि लगेच वाईट वाटलं. हे तेव्हा असतं तर कुठलं रोप कशाचं, ते लावणीच्या आधीच कळलं असतं, असं तिच्या मनात आलं. पण ते तेव्हा नव्हतं.

मधेच एका बियाणं कंपनीनं तिला बोलावलं. छान गाडी, थंडगार प्रयोगशाळा. तिथल्या साहेबांना तिनं माळावरच्या हळव्या भाताचं सांगितलं. ते सज्जन होते, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मॅडम, हे बी एकदा दिलं की लोक दरवर्षी घरचंच पेरणार, आम्ही विकणार काय? बरोबरच होतं त्यांचं. कमूनं चहा संपवला आणि पुन्हा आपल्या संस्थेत आली.

शेवटी ते भात जमलं. ताठ काड, भरलेली लोंबी, आणि भादव्याच्या मध्यावर पिकणारं. दोन हजार चारच्या पावसाळ्यात संस्थेनं चाचणीसाठी ते जामसरच्या काही शेतकऱ्यांना, सुकऱ्यालाही, दिलं. लोकांनी घेतलं, वाढवलं, खाल्लं, तर बी पुढं मोखाड्यापर्यंत द्यायचं ठरलं होतं. नाही तर हे काम बंद. आता कमू चाळिशीकडे झुकली होती, हरिभाऊ सर निवृत्त झाले होते, आणि पुन्हा नव्यानं सुरुवात करायची ताकद तिच्यात राहिली नव्हती.

भादव्याच्या मध्यावर ती जामसरला आली, तर भात पिवळंधमक होऊन उभं. तिला इतका आनंद झाला की पाय जमिनीवर ठरेनात. एक दिवस गेला, दोन गेले. कुणी विळा लावीना. दाणे गळायला लागले, पाखरांची चंगळ झाली. घराघरात मात्र चुलीवर कडुकंद शिजत होता. कमूनं पाड्यातल्या जाणत्या पुंजाला गाठलं. "पुंजाकाका, कापत का नाही?"

पुंजानं तिच्याकडे असं पाहिलं की जणू पोरीला ताप आला आहे. "भात ग्वाड दिसतंय, कमूबाय. पर नव्याच्या आधी कोण तोंडाला लावील? नव्याला अजून लई अवकाश हाय."

कमू बांधावर बसली. घ्या. एवढी शिकली, डीएनएचे पट्टे वाचायला शिकली, आणि पुन्हा त्याच ठिकाणी ठेच. पहिल्या खेपेला भात नव्याच्या वेळेला पिकलं आणि देवीला गेलं. या खेपेला नव्याच्या आधी पिकलं आणि कुणालाच चालेना. तिनं घड्याळाशी शर्यत लावून भात पुढं आणलं होतं, पण नव्याचा दिवस होता तिथंच राहिला होता. लोकांना समजावून सांगावं, तर कुठल्या तोंडानं? याच पाड्यात ती नव्याच्या पानावरून उठली होती, आणि देवीला बोल लावला होता. ते कुणी विसरलं नव्हतं.

संध्याकाळी ती घरात बसून होती. चैतीनं मग सहज बोलावं तसं सांगितलं. "तुझा बा त्या सालापासून नव्याला पयला विळा लावीत नाय. समद्यांचं झालं की मग आपलं कापतो. कुणी इचारलं तर म्हणतो, माझा हात चांगला नाय." कमूला हे माहीतच नव्हतं. ती दिवाळीला यायची, तोवर सगळं उरकलेलं असायचं. तिच्या एका वाक्यानं म्हातारा इतकी वर्षं मागं उभा राहिला होता. सुकऱ्या ओट्यावर बसला होता, आणि आतलं सगळं त्याला ऐकू जात होतं.

सकाळी ती उठली तर बाप घरात नव्हता. माळावर गेली. सुकऱ्या भाताच्या कडेला उभा होता, हातात विळा. अंघोळ केलेली, धोतर धुतलेलं. बांधावर पुंजा आणि चार माणसं जमली होती.

"सुकऱ्या," पुंजा म्हणाला, "नवं झालं नाय."

"आज करतो."

"दिवस कुणी काढला?"

"मी." सुकऱ्या म्हणाला. "एकदा हिचं घेऊन कणसरीला दिलं, हिला न इचारता. आता हिच्यासाठी कणसरीला जरा आधी उठवतो. रागावली तर माझ्यावर रागावंल."

या माणसाला देवीची किती भीती आहे हे पुंजाला माहीत होतं, कारण दोघं एकत्र वाढले होते. कमूनं बापाचा विळ्याचा हात धरला. "बाबा, नको. चाचणी गेली तर जाऊ दे. मी तेव्हा बोलले ते चुकलं. तुम्ही नका करू हे."

"तू घरी जा, कमू," तो म्हणाला. "तुझा हात नको लागायला आज. जे व्हायचं ते माझ्या एकट्याचं होऊ दे."

डॉक्टर कमू भोयेला पक्कं ठाऊक होतं की काही व्हायचं नाही. पण तिचा बाप हे ठाऊक नसताना करायला निघाला होता, आणि तिच्यासाठी निघाला होता. ती घरी गेली नाही. सुकऱ्या कापत गेला तसतशी ती मागून लोंब्या उचलत गेली. त्यानं दोनदा हटकलं, तिसऱ्यांदा हटकलं नाही.

लोंब्या झोडपल्या, कांडल्या, चैतीनं भात शिजवला. सुकऱ्यानं तो कणसरीपुढं ठेवला आणि बराच वेळ पुटपुटत राहिला. मग अंगणात येऊन जमलेल्यांना म्हणाला, "आज मी एकटा खातो. तुम्ही थांबा. उद्यापर्यंत मला काय झालं नाय, तर खा." आणि पान घेऊन बसला. कमू त्याच्याशेजारी बसली आणि त्याच्या पानातला घास उचलून तोंडात घातला. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं, तिच्याही आलं, आणि दोघांनी मिळून पान संपवलं. त्या दिवशी ती त्याच्याजवळून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर सुकऱ्या अंगणात येऊन उभा राहिला, सगळ्या पाड्याला दिसेल असा. पुंजा समोरच्या ओट्यावर बसला होता. त्यानं सुकऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं, आणि विळा आणायला घरात गेला.